चार मिनिटांत मावेल तेवढंच

तालुक्याच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या माणसाला शिकवण्यापेक्षा सांगण्याचीच कामं जास्त असतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, परीक्षेच्या अर्जात विषय कुठे निवडायचे, शीटमध्ये हजेरीची टक्केवारी कशी काढायची. तेच ते, दर वर्षी, दर वर्गाला. म्हणून स्क्रीनवर करून दाखवायचं, कोपऱ्यात आपला चेहरा ठेवायचा आणि ते रेकॉर्ड करून मुलांच्या ग्रुपवर टाकायचं, अशी पद्धत मी पाडून घेतली. लॅबमधल्या संगणकांवर काहीही इन्स्टॉल करायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो ज्यांच्याकडे असतो ते नेमके मीटिंगला गेलेले असतात. त्यामुळे माझं सगळं रेकॉर्डिंग ब्राउझरातूनच होतं. एखादं रेकॉर्डरचं पान उघडायचं, परवानग्या द्यायच्या, सुरू करायचं. त्यातून जे कळलं ते खाली लिहिते आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिला मुद्दा तेवढा पहिलाच हवा.

१. आधी वेळ ठरवा, मग विषय.

माझी मर्यादा चार मिनिटांची. मुलांचं लक्ष टिकत नाही वगैरे कारण नाही. आवडीच्या गोष्टीवर ती दोन तास नजर खिळवून बसतात. कारण यंत्राचं आहे. साध्या रेकॉर्डरमध्ये आपण बोलत असतो तेव्हा चित्रण संगणकाच्या मेमरीत साठत असतं. थांबवून डाउनलोड केल्यावरच त्याची फाइल बनते. मधेच वीज गेली, टॅब बंद झाला, पान रिफ्रेश झालं, की मागे काही उरत नाही. आमच्याकडे वीज न सांगता जाते आणि लॅबचा यूपीएस ट्यूबलाइट लुकलुकेपर्यंतच टिकतो. कॉलेजातल्या एका सरांचं पाऊण तासाचं अख्खं व्याख्यान असं गेलं, त्यानंतर त्यांनी या प्रकाराचं नाव टाकलं. चार मिनिटांचं गेलं तर हळहळ वाटत नाही, लगेच परत करता येतं.

परत करता येणं हीच खरी सोय. लहान रेकॉर्डिंगला एडिटिंग लागत नाही. अडखळलात, थांबवा, टाकून द्या, पुन्हा सुरू करा. दुसऱ्या वेळी वाक्यं आपोआप आखूड होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज मी एका व्हिडिओत कधीच दाखवत नाही. नोंदणीचा एक, वैयक्तिक माहितीचा एक, उत्पन्नाचा दाखला अपलोड करण्याचा एक, बँक खातं आधारशी जोडलंय का ते तपासण्याचा एक. मुलगा जिथे अडला असेल तेवढाच तुकडा बघतो. आणि पुढच्या वर्षी एक पान बदललं तर तेवढाच तुकडा नव्याने करायचा.

२. परवानगी दर वेळी विचारली जाते, ती नीट वाचा.

कॅमेरा आणि माइकची परवानगी ब्राउझर एखाद्या साइटपुरती लक्षात ठेवू शकतो. स्क्रीनची ठेवत नाही. दर वेळी आपण बटण दाबायचं, दर वेळी ब्राउझरने विचारायचं, आणि काय दाखवायचं ते आपण निवडायचं. पान स्वतःहून स्क्रीन घेऊ शकत नाही. अनेकांना हा जाच वाटतो. मला तो आवडतो. स्क्रीनवर बँक असते, मेल असतो, मुलांचे गुण असतात. तिथे कायमची परवानगी म्हणजे घराची किल्ली दारातच टांगून ठेवणं. ही सोय तशी नवीच आहे. एक्स्टेंशनशिवाय स्क्रीन घेता येणं क्रोमच्या ७२व्या आवृत्तीत आलं, २०१९च्या जानेवारीत. त्याच वर्षी फायरफॉक्सने ६६व्या आणि सफारीने १३व्या आवृत्तीत ते दिलं. पुढच्याच वर्षी टाळेबंदी लागली आणि सगळ्या गुरुजनांना त्याची गरज पडली.

मॅकवर आणखी एक कुलूप आहे. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून सिस्टिम सेटिंगमध्ये जाऊन ब्राउझरला स्क्रीन रेकॉर्डिंगची मुभा द्यावी लागते, आणि ती दिल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. हे माहीत नसलं की रेकॉर्डरलाच शिव्या बसतात.

३. टॅब, विंडो की अख्खी स्क्रीन? या एका निवडीवर निम्मं रेकॉर्डिंग ठरतं.

क्रोम आणि एजमध्ये तीन पर्याय समोर येतात. फायरफॉक्समध्ये टॅबचा पर्याय नसतो, विंडो किंवा पूर्ण स्क्रीन. बहुतेक जण घाईत पहिलं दिसेल ते निवडतात.

टॅब निवडला तर फक्त पानाचा मजकूर रेकॉर्ड होतो. वरचा पत्ता नाही, बुकमार्कची पट्टी नाही, शेजारचे टॅब नाहीत, कोपऱ्यात उगवणारी सूचना नाही. खासगीपणाच्या दृष्टीने हा सर्वांत सुरक्षित पर्याय. पण अर्ज भरून दाखवताना तो दगा देतो. जिल्हा, तालुका, प्रवर्ग निवडायच्या ज्या याद्या खाली उघडतात, त्या ब्राउझर बऱ्याचदा पानाच्या बाहेर, वेगळ्या छोट्या खिडकीत काढतो, आणि टॅबच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या येतच नाहीत. आपण म्हणतो, “आता या यादीतून आपला जिल्हा निवडा,” आणि बघणाऱ्याला यादीच दिसत नाही. रिकाम्या चौकटीत एकदम ‘सांगली’ उमटतं. फाइल निवडायची खिडकी, उजव्या क्लिकचा मेनू यांचंही तेच. दाखला अपलोड करायचं रेकॉर्डिंग टॅबवर केलं तर मुख्य पायरीच गायब.

म्हणून माझा नियम असा: वाचून दाखवायचं असेल तर टॅब, भरून दाखवायचं असेल तर अख्खी स्क्रीन. विंडो हा मधला पर्याय मला फारसा उपयोगी पडलेला नाही. त्यातही वेगळ्या उघडणाऱ्या याद्यांचा भरवसा नसतो, आणि विंडो मिनिमाइझ केली की चित्र तिथेच गोठतं. वर्ड किंवा टॅली दाखवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

अख्खी स्क्रीन घ्यायची ठरली की आधी घर आवरावं लागतं. डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावं, संगणकावर चालू असलेलं व्हॉट्सअ‍ॅप, बुकमार्कची पट्टी (कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की लपते), पत्त्याच्या जागी एक अक्षर टाइप करताच डोकावणाऱ्या जुन्या साइट्स. हे सगळं झाकत बसण्यापेक्षा मी ब्राउझरात एक वेगळं प्रोफाइल बनवून ठेवलं आहे. त्यात इतिहास नाही, मेल नाही, साठवलेले पासवर्ड नाहीत. रेकॉर्डिंग त्यातूनच, आणि विंडोजच्या सूचना तेवढा वेळ बंद.

४. चित्र वाईट असलं तर चालतं, आवाज वाईट असला तर कोणी बघत नाही.

आवाज दोन प्रकारचे: आपला, माइकमधून, आणि संगणकाचा, म्हणजे स्क्रीनवर वाजणाऱ्या व्हिडिओचा. दुसरा हवा असेल तर टॅब निवडताना त्या चौकटीतच आवाज सामील करण्याचा एक पर्याय असतो. तो लहान आणि कोपऱ्यात असतो, म्हणून राहून जातो. क्रोममध्ये टॅबचा आवाज कुठल्याही संगणकावर मिळतो. पूर्ण स्क्रीन घेतली तर संगणकाचा आवाज विंडोजवर मिळतो, मॅकवर ते कुठली आवृत्ती आहे त्यावर अवलंबून. फायरफॉक्स आणि सफारी स्क्रीनसोबत आवाज देत नाहीत. दोन्ही आवाज हवे असतील तर कानाला इअरफोन लावाच, नाहीतर स्पीकरमधून आलेला आवाज माइक पुन्हा पकडतो.

इअरफोन मात्र तारेचा. ब्लूटूथ इअरफोनचा माइक सुरू झाला की तो बहुतेक वेळा फोनवर बोलायच्या पद्धतीत जातो आणि ऐकू येणारा, टिपला जाणारा असा सगळाच आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. दोन हजारांच्या ब्लूटूथपेक्षा दोनशेचा तारेचा माइक इथे चांगला.

आता एक गंमत. आमच्या ओळखीच्या एक गाण्याच्या बाई आहेत. त्यांच्या दोन-तीन शिष्या लग्न होऊन अमेरिकेत गेल्या. त्यांच्यासाठी बाई पलटे रेकॉर्ड करून पाठवतात, स्क्रीनवर नोटेशन आणि कोपऱ्यात बाई. शिष्यांची तक्रार एकच: “बाई, तानपुरा ऐकूच येत नाही. सुरुवातीला येतो आणि मग विरतो.” तानपुरा उत्तम लागलेला होता. ब्राउझर माइकच्या आवाजावर आपणहून तीन संस्कार करतो: प्रतिध्वनी काढणं, गोंगाट कमी करणं आणि आवाजाची पातळी सारखी करणं. एकसारखा, न थांबता चालणारा आवाज त्याच्या लेखी पंख्याचा असतो. तानपुऱ्याचं कामच मुळी एकसारखं चालत राहणं, म्हणून तो पंख्याबरोबर पुसला जातो. पातळी सारखी करण्याच्या नादात हळुवार आलाप आणि तार सप्तकातला षड्जही एकाच जोराचे होतात. बोलण्यासाठी हे संस्कार वरदान आहेत. माझ्या लॅबमधले पंखे त्यामुळेच ऐकू येत नाहीत. गाण्यासाठी, तबल्यासाठी ते बंद करता येतील असा रेकॉर्डर शोधायचा. काही पानांवर ‘ओरिजिनल साउंड’ किंवा ‘नॉइज सप्रेशन’ अशा नावाचा पर्याय असतो. बाईंना तो सापडला, आणि मग शिष्यांना शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीही ऐकू येऊ लागली. त्याला इलाज नाही, रियाजाची वेळ बदलली.

५. चेहरा थोडाच वेळ.

सुरुवातीला अर्धं मिनिट मी दिसते, काय करणार ते सांगते, मग कॅमेरा बंद. मुलांना मॅडम दिसल्या की हे आपल्याच कॉलेजचं आहे, याचा विश्वास बसतो. त्यापुढे चेहरा जागा अडवतो. बहुतेक रेकॉर्डर चेहरा खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवतात, आणि बहुतेक अर्जांत ‘सेव्ह’ आणि ‘नेक्स्ट’ची बटणं नेमकी तिथे असतात. वरच्या कोपऱ्यात सरकवून घ्या. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं ठेवली की कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला येतो आणि नाकपुड्यांचं दर्शन टळतं.

चेहरा तरंगत्या छोट्या चौकटीत ठेवायचा असेल तर ती चौकट अख्खी स्क्रीन निवडली तरच रेकॉर्ड होते. टॅब निवडला तर आपल्याला ती दिसत राहते, बघणाऱ्याला दिसत नाही.

६. रेकॉर्डरचा टॅब झाकू नका.

हे फार कमी लोकांना माहीत असतं. स्क्रीन आणि चेहरा एकत्र करणारी काही पानं दर क्षणी दोन्ही चित्रं एकावर एक रंगवून तिसरं बनवतात. आपण दुसऱ्या टॅबवर गेलो की ब्राउझर वीज वाचवण्यासाठी मागच्या टॅबमधलं हे रंगकाम थांबवतो. परिणाम: आवाज चालू, चित्र गोठलेलं. विंडो दुसऱ्या विंडोखाली पूर्ण झाकली गेली तरी क्रोम तिला मागेच पडलेली समजतो. उपाय सोपा आहे. रेकॉर्डरचा टॅब ओढून त्याची वेगळी विंडो करायची आणि तिची एखादी कड दिसत राहील अशी ठेवायची. नवीन रेकॉर्डर वापरायचा असेल तेव्हा आधी वीस सेकंदांची चाचणी, त्यात मुद्दाम टॅब बदलून बघायचा.

७. बघणारा फोनवर बघतो.

माझ्या वर्गातल्या मोजक्या मुलांकडे लॅपटॉप आहे. मोठ्या मॉनिटरवर केलेलं रेकॉर्डिंग सहा इंचांवर आलं की अक्षरं मुंगीएवढी. म्हणून पान दीडशे टक्के मोठं करते, माउसचा बाण विंडोजच्या सेटिंगमधून मोठा आणि पिवळा करते. आणि “इथे क्लिक करा” म्हणत नाही. “उजवीकडे खाली, निळ्या बटणावर, सेव्ह लिहिलंय तिथे” असं म्हणते. बाण दिसला नाही तरी वाक्य ऐकू येतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलं अर्जसुद्धा फोनवरच भरतात, आणि फोनवर तीच साइट वेगळी दिसते. डावीकडचा मेनू जाऊन तीन आडव्या रेघा येतात. क्रोममध्ये एफ-१२ दाबून, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबलं की पान फोनच्या आकारात उघडतं. मी आता तेच रेकॉर्ड करते. यानंतर “मॅडम, आमच्याकडे तो मेनूच नाही” हे फोन बरेच कमी झाले.

८. दुसऱ्याचा अर्ज कधीही वापरायचा नाही.

खरा अर्ज भरून दाखवला की जास्त पटतं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. विद्यार्थ्याची हरकत नव्हती. पण हरकत नाही म्हणणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि वडिलांचं उत्पन्न एका व्हिडिओत एकत्र जाण्याचा अर्थ कळलेला असतोच असं नाही. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; तो नसता तरी हे बरोबर नव्हतं. मी लॉगिनपर्यंतचा भाग, मग कोऱ्या अर्जाची पानं दाखवते. ज्या पानावर नाव आपोआप येतं, ते रेकॉर्ड करतच नाही, त्याचा नाव झाकलेला स्क्रीनशॉट दाखवून बोलते. ओटीपी येणार असेल त्या वेळी फोन उलटा आणि रेकॉर्डिंग थांबवलेलं.

याला जोडूनच. मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधून रेकॉर्डिंग केलं तर सगळ्यांना तशी सूचना जाते. ब्राउझरच्या रेकॉर्डरने त्याच मीटिंगचा टॅब घेतला तर कोणालाच कळत नाही. म्हणून तोंडाने सांगायचं आणि सांगितलेलं रेकॉर्डिंगमध्ये यायला हवं. पालक-सभेत मी हे म्हटल्यावर एका काकांनी कॅमेरा बंद केला. तो त्यांचा हक्क.

९. हाती आलेली फाइल जशीच्या तशी पाठवू नका.

क्रोम आणि फायरफॉक्सच्या रेकॉर्डरमधून बहुधा वेबएम प्रकारची फाइल निघते, सफारीतून एमपी४. क्रोमलाही २०२४पासून एमपी४ जमतं, पण रेकॉर्डरच्या पानाने ते मागायला हवं. वेबएम व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून सरळ जात नाही. शिवाय तिच्यात एक खोड असते: ती चालत्या रेकॉर्डिंगमध्ये लिहिली जाते, त्यामुळे एकूण लांबी किती हे तिच्या सुरुवातीला नोंदलेलंच नसतं. प्लेयरमध्ये वेळ दिसत नाही, पुढे-मागे सरकवता येत नाही. फाइल बिघडलेली नसते. हँडब्रेक किंवा व्हीएलसी या सॉफ्टवेअरमधून एमपी४ करून घेतली की दोन्ही अडचणी जातात. एडिटिंग करणारच असाल तर हँडब्रेकमध्ये फ्रेमचा वेग स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडा. ब्राउझर गरजेनुसार कमीजास्त फ्रेम टिपतो, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे होतात.

आकाराचा हिशेब: सेकंदाला अडीच मेगाबिट या दराने मिनिटाला १९ एमबीच्या आसपास, चार मिनिटांना ७५. तासाभराचं एक जीबीच्या वर जातं. ज्याचा दिवसाचा डेटा दीड जीबी आहे, त्याला तासाचा व्हिडिओ पाठवणं म्हणजे उपास घडवणं. आम्ही एमपी४ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ टाकतो आणि लिंक देतो. कमी दर्जात बघायची सोय आपोआप मिळते.

१०. रेकॉर्डिंग कुठे जातं ते तपासा.

काही पानं सगळं काम आपल्या संगणकातच करतात. काही चित्रण स्वतःच्या सर्व्हरवर चढवतात आणि लिंक देतात. दुसऱ्या प्रकारात वाईट काही नाही, वीज गेली तर तोपर्यंतचं वाचूही शकतं. पण माहीत असायला हवं. ओळखायची माझी पद्धत: पान उघडलं की इंटरनेट काढून टाकायचं आणि मग दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून डाउनलोड करायचं. झालं तर पान आपल्या संगणकातच काम करतंय.

लॅबमध्ये आणखी एक पाहावं लागतं. तिथले संगणक बंद करून सुरू केले की पूर्वस्थितीत येतात, डाउनलोड्सचं फोल्डर कोरं. फाइल पेनड्राइव्हवर गेल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही.

११. फोनवर हे जमत नाही.

अँड्रॉइड किंवा आयफोनच्या ब्राउझरातून स्क्रीन घेता येत नाही, कॅमेरा तेवढा घेता येतो. फोनचा स्वतःचा रेकॉर्डर वापरा. आयफोनला तो २०१७च्या आयओएस ११पासून आहे, अँड्रॉइडला ११व्या आवृत्तीपासून. संगणकावरही ब्राउझरचा हट्ट नको. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबलं की रेकॉर्डर हजर होतो, विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्येही आहे. तासाभराचं व्याख्यान, दोन कॅमेरे, मधे स्लाइड असं काही असेल तर ओबीएस हे सॉफ्टवेअर शिकून घ्या, फुकट आहे. ॲडमिनचा पासवर्ड मात्र मिळवावा लागेल.

१२. शैक्षणिक वर्ष तोंडाने बोला.

अर्जाची पानं बदलतात, तारखा बदलतात. जुना व्हिडिओ यूट्यूबवरून काढला तरी कोणीतरी डाउनलोड केलेला असतो आणि जुलै आला की तो एका ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरू लागतो. शीर्षक आणि वर्णन मागे राहतं, फाइल पुढे जाते. म्हणून कॉलेजचं नाव आणि वर्ष मी पहिल्या वाक्यातच बोलते, आणि कॅमेऱ्यासमोर बसते तेव्हा मागच्या फळ्यावर ते खडूने लिहिलेलं असतं. मोठ्या अक्षरात, आणि वरच्या कोपऱ्यात, कारण खाली माझं डोकं येतं.